आधी कुलूप की आधी किल्ली? : घर हलवण्याच्या उशिराचा इतिहास

आजचा भाग जरा घरगुती प्रसंगातून सुचलाय. मे महिन्यात आम्ही ढाणकीतच एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत राहायला गेलो. अंतर म्हणाल तर चालत दहा मिनिटं. सकाळी ट्रॅक्टर आला, कपाट चढलं, कोठी चढली, आजीची पेटी चढली. तिकडे पोचलो तर आधीचे भाडेकरू अजून आतच! त्यांच्या नव्या घराचं काम राहिलेलं. आम्ही जुन्या घराची किल्ली देऊन बसलेलो. मग काय, भर उन्हात सामान ट्रॉलीत आणि आजी शेजारच्यांच्या ओट्यावर. संध्याकाळी सहाला चूल पेटली.

रात्री डोक्यात आलं, की हे एका घराचं. अख्खं गाव हलवताना हीच चूक झाली तर? तर तशी ती झालीये, आपल्याच महाराष्ट्रात.

कोयनेचं उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातलं कोयना धरण १९५०च्या दशकात सुरू झालं आणि १९६२ साली तिथली वीज मिळायला लागली. मुंबईतल्या गिरण्या, कारखाने, घरं या विजेवर उजळली. पण शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांचं काय? तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. पाणी चढायची तारीख ठरलेली, नव्या जमिनीची नाही. माणसं निघाली. कुणी सांगली-सोलापूरकडे, कुणी रायगड-ठाण्याकडे, आणि कितीतरी जण पाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरातच सरकले. नंतर १९८५ साली त्याच डोंगरात कोयना अभयारण्य जाहीर झालं. म्हणजे पाण्यातून वर आलेला माणूस आता जंगलाच्या नियमात अडकला.

बरं, उशीर नेमका कशात होतो ते बघा. भांडीकुंडी बांधायला दोन दिवस पुरतात. कागद हलायला पिढ्या जातात. एकत्र कुटुंबात सातबारावर बहुतेक वेळा थोरल्याचं नाव. जमीन मिळणार ती खातेदाराला. धाकटे दोघे घरात राहतात, राबतात, पण कागदावर नाहीत. थोरला वारला आणि वारस नोंद केली नसली की फाइल तिथेच थांबली. त्यातून गाव सातारा जिल्ह्यातलं आणि जमीन मिळणार दुसऱ्याच जिल्ह्यात, म्हणजे दोन जिल्हाधिकारी कार्यालयांच्या मध्ये माणूस चेंडूसारखा. २०१८ साली कोयनानगरला धरणग्रस्त ठिय्या देऊन बसले होते. वीज सुरू होऊन छपन्न वर्षं झाली होती! त्यातले कितीतरी जण मूळ गाव बुडालं तेव्हा जन्मलेलेही नव्हते. ही गोष्ट मला अजून पचत नाही.

यातूनच एक घोषणा गाजली: ‘आधी पुनर्वसन, मग धरण’. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी अशी माणसं धरणग्रस्तांच्या लढ्यात होती. ऐकायला घोषणा वाटते, पण नीट बघा, हा कामाचा क्रम आहे. आधी नव्या घराची किल्ली हातात, मग जुन्याला कुलूप. १९७६ साली महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला, पुढे १९८६ आणि १९९९ साली तो नव्याने आला. धरणाचं पाणी ज्यांच्या शेताला मिळणार, त्यांच्या जमिनीतला वाटा धरणग्रस्ताला द्यायचा, आणि नव्या गावठाणात रस्ता, पाणी, शाळा, स्मशानभूमी हे सगळं करून द्यायचं. स्मशानभूमी शब्द मी मुद्दाम घेतला. नव्या गावात पहिलं माणूस गेलं आणि न्यायचं कुठे हेच ठरलेलं नाही, अशी वेळ गावावर येते.

आता मराठवाड्यात जाऊ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, सगळं अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं पूर्ण नव्या जागी वसवायचं ठरलं. इथे थांबून राहायला जुनं घरच नव्हतं. म्हणून मधला मुक्काम पत्र्याच्या शेडमध्ये, आणि तो काही ठिकाणी दोन-दोन वर्षांच्या वर गेला. नवं गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरट आखलेलं, म्हणून जमीनही तेवढी जास्त संपादित करायची. घराचा आकार शेतीवर ठरला: २५०, ४५० किंवा ७५० चौरस फूट. पक्की घरं मिळाली, हे खरंच मोठं काम होतं. पण बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, शेत किती लांब गेलं, हे प्रश्न नकाशात मावले नाहीत. जिथे गावं हलवायची नव्हती, फक्त घरं दुरुस्त करायची होती, तिथे मात्र गावातल्याच बायकांना ‘संवाद सहाय्यक’ नेमलं. कुणाचं काम कुठे अडलंय हे त्यांना दारात उभं राहूनच कळायचं, त्याला अर्जाची गरज नव्हती. माझ्या मते त्या सगळ्या कार्यक्रमातली ही सगळ्यात शहाणी गोष्ट.

आणि आपली पैनगंगा? वरच्या अंगाला इसापूरचं धरण आहे, उन्हाळ्यात नदीत पाणी सोडा म्हणून आपल्या उमरखेड तालुक्यातली काठावरची गावं दरवर्षी मागणी करतात. खालच्या अंगाला निम्न पैनगंगा प्रकल्प, त्याला १९९७ साली मंजुरी मिळाली आणि बुडीत क्षेत्रातल्या गावांचा विरोधही तेवढाच जुना. अशा गावात पोराचं लग्न ठरलं की घराला एक खोली वाढवावी की नाही, यावर घरात भांडण होतं. घर हलायच्या आधीच घर थांबतं.

आमच्या आजीने त्या दिवशी ओट्यावर बसून एकच प्रश्न विचारला होता: ‘किल्ली कोनाजवळ हाय?’ तेव्हा मी चिडलो होतो. तुम्ही मात्र आज रात्री मोबाइलवर घरचा सातबारा उघडून बघा. आजोबांचं नाव अजून तसंच असेल तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज या आठवड्यातच द्या. पुढच्या भागात भेटू.