धारेचा विद्यापती आणि सीहोरचे सुबाजी बापू

चाळीसगावजवळ पाटणे नावाचे गाव आहे. मागे डोंगर, डोंगरात पितळखोऱ्याची लेणी, गावाजवळ भवानीचे जुने देऊळ. या देवळातल्या एका शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 साली अभ्यासकांचे लक्ष वेधले. लेख इ.स. 1207 मधला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला उत्पन्न लावून दिले. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. मठाला कोणी काय द्यायचे हे सांगणारा शेवटचा भाग मात्र जुन्या मराठीत आहे. देणे-घेणे गावकऱ्यांना कळायला हवे होते.

याच शिलालेखात भास्कराचार्यांची वंशावळ दिली आहे. त्यांच्या पाच पिढ्या आधी त्यांच्याच नावाचा एक पूर्वज होऊन गेला. त्या भास्करभट्टाला भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिली, असे लेख सांगतो. भोजराजा म्हणजे धारेचा परमार भोज. खानदेशातल्या ज्योतिषी घराण्याने आपल्या मोठेपणाची पहिली खूण म्हणून सातपुड्यापलीकडच्या दरबाराचे नाव दगडावर कोरून ठेवले आहे. आकाशाच्या अभ्यासात माळवा आणि महाराष्ट्र यांच्यात जी ये-जा पुढे शतकानुशतके चालली, तिचा इतका जुना आणि इतका पक्का पुरावा क्वचितच सापडेल.

भोजाच्या नावावर ‘राजमृगांक’ हा करणग्रंथ आहे. करणग्रंथ म्हणजे पंचांगकर्त्याच्या हाताशी असायचे पुस्तक. त्यात सृष्टीच्या आरंभापासून ग्रह मोजत बसावे लागत नाही, जवळचे एखादे वर्ष धरून गणित सुरू होते. राजमृगांकात हे आरंभवर्ष शके 964, म्हणजे इ.स. 1042 आहे. जुन्या गणिताने येणारा ग्रह आणि डोळ्यांना दिसणारा ग्रह यांत अंतर पडू लागले की गणिताला दुरुस्ती द्यावी लागते, तिला बीजसंस्कार म्हणतात. राजमृगांकातला बीजसंस्कार पुढे भास्कराचार्यांनी 1183 च्या ‘करणकुतूहला’त घेतला. भोजाने पूर्वजाला पदवी दिली आणि वंशजाला गणितातली दुरुस्ती मिळाली. यातली दुसरी देणगी जास्त मोलाची म्हणावी लागेल.

भोजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे. त्यात लाकडाचा मोठा पक्षी, त्याच्या पोटात पारा आणि पाऱ्याखाली अग्नी अशी आकाशात उडणाऱ्या यंत्राची कल्पना येते. यंत्रांचे तपशील मुद्दामच दिलेले नाहीत, असे ग्रंथकार स्वतः सांगतो. हा ग्रंथ टी. गणपतिशास्त्रींच्या संपादनाखाली 1924-25 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला, म्हणजे त्याला उजेड दाखवणारे संस्थानही मराठीच. या ओळींवरून अकराव्या शतकात विमाने उडत होती असे म्हणणाऱ्यांची कमी नाही. त्या ओळींवरून विमान बांधता येत नाही, हे मान्य करायला हवे. पण पाणी सोडणाऱ्या, नाचणाऱ्या, दारावर पहारा देणाऱ्या यंत्रपुतळ्यांचा विचार करणारा आणि माणसाने उडावे असे वाटणारा राजा धारेत होता, एवढे निश्चित आहे. त्याचा अभिमान धरायला तेवढे पुरेसे आहे.

माळव्याकडे ज्योतिष्यांचे लक्ष वळण्याचे आणखी एक कारण होते. भारतीय ज्योतिषातल्या सिद्धांतग्रंथांची मध्यरेखा लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाते. आज जसे ग्रीनिच, तशी तेव्हा उज्जैन. अरबांच्या भूगोलात या नगरीचे नाव बदलत बदलत ‘अरीन’ झाले आणि युरोपातल्या विद्वानांनी पृथ्वीचे मध्य म्हणून ते गिरवले. आपले गाव या रेखेच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला किती, यावरून ‘देशांतर’ संस्कार करायचा असतो. धार जिल्ह्यातले राजगढ रेखेच्या पश्चिमेला येते आणि देवास थोडेसे पूर्वेला. दोहोंच्या रेखांशांत अंशाहून जरा जास्त अंतर आहे, त्यामुळे देवासला सूर्य माथ्यावर येतो तो राजगढच्या आधी चारेक मिनिटे. घड्याळ नसलेल्या काळात ही चार मिनिटे गणिताने काढणारे लोक गावोगाव होते.

अठराव्या शतकात मराठी फौजा माळव्यात आल्या. धारेत पवारांची गादी बसली. देवासला तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी, एकाच गावात दोन राज्ये. उज्जैन शिंद्यांकडे गेली. घोडदळाच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, वैद्य, जोशी अशी बिऱ्हाडे आली, आणि जोशांच्या पोथ्यांत मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा 1520 सालचा ‘ग्रहलाघव’ होता. ज्या प्रांतातून कधीकाळी राजमृगांक खाली गेला, त्याच प्रांतातली पंचांगे आता कोकणात लिहिलेल्या ग्रंथावरून होऊ लागली.

याच सुमारास जयपूरचा सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदार होता. त्याने उज्जैनला क्षिप्रेच्या काठी वेधशाळा बांधली. मुघल सुभेदारी गेली, मराठी अंमल आला, आणि चुन्याची ती यंत्रे पाऊस खात उभी राहिली.

या साऱ्या कथेतला सर्वांत जिवंत भाग मात्र उज्जैनला घडला नाही. तो भोपाळजवळच्या सीहोरला घडला. 1830 च्या दशकात तिथे लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज पोलिटिकल एजंट होता. सीहोरच्या शाळेत शिकवताना त्याच्या लक्षात आले की पृथ्वी गोल आहे हे इंग्रजी पुस्तकातून सांगितले तर शास्त्रीमंडळी ऐकत नाहीत. तेच भास्कराचार्यांच्या ग्रंथातल्या गोलाध्यायातून सांगितले तर त्यांना नाकारता येत नाही. पृथ्वी सपाट, मध्ये मेरू, भोवती दुधाचे नि तुपाचे समुद्र हे पुराणांचे वर्णन. पृथ्वी चेंडूसारखी, निराधार आणि सर्व बाजूंनी वसलेली हे सिद्धांतांचे म्हणणे. दोन्ही परंपरा आपल्याच, आणि दोन्ही शेकडो वर्षे शेजारी नांदलेल्या. विल्किन्सनने सिद्धांतांचा पक्ष घेतला आणि त्याला पायरी करून कोपर्निकसपर्यंत जायचे ठरवले.

या कामात त्याचा उजवा हात होते सुबाजी बापू. त्यांनी 1836 मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक लिहिले. पुराणे, सिद्धांत आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची त्यात तुलना आहे, आणि ते मराठीत आहे. पुणे-मुंबईपासून इतक्या लांब, नर्मदेच्या उत्तरेला बसलेल्या माणसाने सूर्य मध्यभागी आहे हे पटवायला मराठी गद्य निवडले! मराठी गद्याच्या इतिहासात या पुस्तकाला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, ही खंत नोंदवण्याजोगी आहे.

पुस्तक महाराष्ट्रात पोचले आणि वाद पेटला. यज्ञेश्वर सदाशिव ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहून उत्तर दिले. पुराणे आणि सिद्धांत यांत मुळात विरोधच नाही, असा त्यांचा पक्ष. रोडे हे काही वेधाला घाबरणारे पुराणिक नव्हते. ‘गोलानंद’ नावाचे वेधयंत्र करणाऱ्या साताऱ्याच्या चिंतामणी दीक्षितांचे ते नातू, आणि यंत्रांवर स्वतः टीका लिहिणारे. म्हणूनच या वादाला वजन आहे. सुबाजींनी ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहून त्यांना प्रत्युत्तर दिले. एक पंडित माळव्यात, दुसरा महाराष्ट्रात, विषय पृथ्वीचा आकार, आणि दोन्हीकडचा मुख्य साक्षीदार सहाशे ऐंशी वर्षांपूर्वीचा भास्कराचार्य. इंग्रज अधिकाऱ्याने हे घडवून आणले असे म्हणून भागत नाही. अशा वादाला लागणारी तयारी दोन्ही शास्त्र्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती.

सीहोरच्या शाळेत आणखी एक मराठी मुलगा आला. नृसिंह सीताराम परांजपे, घरचे नाव बापूदेव, जन्म 1821 चा. गोदाकाठच्या टोके गावचे हे घराणे. बापूदेव नागपूरला लीलावती आणि बीजगणित शिकत असताना विल्किन्सनच्या नजरेत भरले आणि सीहोरला गेले. विल्किन्सन 1841 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी बापूदेवशास्त्री काशीच्या संस्कृत पाठशाळेत शिकवू लागले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. विल्किन्सनने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर गुरूमागे त्यांनीच तपासून घेतले, आणि 1861 साली ते त्यांच्या सूर्यसिद्धांताच्या भाषांतरासोबत कलकत्त्याला छापून निघाले. त्याआधी 1858 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक लहानसा निबंध लिहिला होता. ग्रहाची ‘तात्कालिक गती’ काढताना भास्कराचार्यांना कलनशास्त्राचे तत्त्व माहीत होते, असे त्यात मांडले होते. त्यावर इंग्लंडमध्ये विल्यम स्पॉटिसवुड या गणितज्ञाने लेख लिहिला. भास्कराचार्य आणि कलनशास्त्र ही चर्चा आज शाळकरी मुलांच्या कानावरही पडते. तिच्या मुळाशी सीहोरचे शिक्षण आहे.

शतक उलटले. उज्जैनची वेधशाळा पडायला आली होती. माधव महाविद्यालयात गणित शिकवणारे गोविंद सदाशिव आपटे आणि सिद्धांतवागीश नारायणजी व्यास यांनी ग्वाल्हेर दरबारापाशी तिच्या जीर्णोद्धाराचा आग्रह धरला. माधवराव शिंद्यांनी 1923 मध्ये ती नीट करून घेतली आणि आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. प्रत्यक्ष दिसणाऱ्या ग्रहांशी जुळेल असा ‘सर्वानंदकरण’ हा करणग्रंथ त्यांनी संस्कृतात रचला. राजमृगांक आणि ग्रहलाघव यांच्या ओळीत बसणारे ते विसाव्या शतकातले पुस्तक.

जयसिंहाने बांधलेली यंत्रे या वेधशाळेत आजही चालतात. सम्राटयंत्राची त्रिकोणी भिंत सुमारे बावीस फूट उंच आहे. तिची तिरपी कड थेट ध्रुवाकडे रोखलेली, म्हणून तिचा जमिनीशी होणारा कोन उज्जैनच्या अक्षांशाइतका. दोन्ही बाजूंच्या चापांवर सावली सरकते आणि वेळ दाखवते. मनगटावरच्या घड्याळाशी ती जुळत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची आणि उज्जैन पावणेशहात्तरच्या जरा पुढे, त्यामुळे सुमारे सत्तावीस मिनिटांचा फरक कायमचा, वर ऋतूप्रमाणे थोडा कमी-जास्त. शेजारचे नाडीवलय त्याहून मोहक आहे. विषुववृत्ताच्या पातळीत कललेल्या या दगडी ढोलाच्या उत्तर तोंडावर वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत ऊन पडते, उरलेले सहा महिने दक्षिण तोंडावर. सूर्य विषुववृत्त ओलांडतो म्हणजे काय, हे तिथे पाचवीतल्या मुलालाही दिसते.

स्वातंत्र्यानंतर देशात तीसेक वेगवेगळी पंचांगे चालत होती. त्यांतून एक राष्ट्रीय दिनदर्शिका काढण्यासाठी 1952 मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे के. ल. दप्तरी होते, ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, आणि उज्जैनच्या माधव महाविद्यालयातले गणिताचे अध्यापक आर. व्ही. वैद्य होते. आपटे ज्या महाविद्यालयात शिकवत, तिथलाच गणिताचा माणूस दिल्लीच्या समितीत बसला होता. समितीचा अहवाल 1955 मध्ये आला आणि 22 मार्च 1957 हा दिवस 1 चैत्र 1879 ठरला. सूर्योदयाचे व तिथींचे गणित एका मध्यवर्ती ठिकाणासाठी करायचे होते. रेखांश प्रमाणवेळेचा घेतला, 82 अंश 30 कला. अक्षांश घेतला 23 अंश 11 कला, उज्जैनचा. हा कागदावरचा बिंदू छत्तीसगडमधल्या बैकुंठपूरच्या आसपास पडतो. राष्ट्रीय पंचांगातली गणिते त्या बिंदूची आहेत, पण त्याचा अक्षांश क्षिप्राकाठचा आहे.

उज्जैनवरून कर्कवृत्त जाते, असे लोक हौसेने सांगतात. ते खरे नाही. कर्कवृत्त आज 23 अंश 26 कलांवर आहे, म्हणजे उज्जैनच्या उत्तरेला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. भीमबेटकाची चित्रे उजेडात आणणारे उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी ही गोष्ट मनावर घेतली. जुनी मध्यरेखा आणि कर्कवृत्त एकमेकांना कुठे छेदतात, याचा शोध घेत ते महिदपूर तालुक्यातल्या डोंगळा गावी पोचले. महिदपूर म्हणजे 1817 च्या डिसेंबरात होळकरांचा निर्णायक पराभव झाला तेच. वाकणकर 1988 मध्ये गेले. डोंगळ्याला पुढे वराहमिहिराच्या नावाची वेधशाळा झाली, दुर्बीण बसली. एकवीस जूनच्या मध्यान्ही तिथे लोक जमतात आणि उभ्या रोवलेल्या शंकूची सावली पायातच नाहीशी झालेली बघतात.

कर्कवृत्तही जागेवर थांबत नाही. पृथ्वीच्या अक्षाचा कल दरवर्षी अर्ध्या विकलेहून किंचित कमी घटतो, त्यामुळे ही रेषा वर्षाला चौदा-पंधरा मीटर दक्षिणेकडे सरकते. दीड हजार वर्षांपूर्वी, वराहमिहिराच्या काळी, ती उज्जैनपासून पन्नासेक किलोमीटर उत्तरेला होती. याच चालीने ती सम्राटयंत्राच्या भिंतीपाशी येऊन पोचायला आणखी सुमारे एकोणीसशे वर्षे लागतील. डोंगळ्याच्या शंकूपासून ती आताच दूर जाऊ लागली आहे.