मोटारसायकलची ‘ट्रायल’ : चावी घेण्यापूर्वी आणि देण्यापूर्वी

मंडईत मेथीची जुडी उलटसुलट करून पाहणारा ग्राहक चाळीस-पन्नास हजारांची जुनी मोटारसायकल मात्र गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारून पसंत करतो. गाडी सुरू झाली, चालली, थांबली, की लगेच किमतीची बोलणी सुरू होतात. वास्तविक कागदपत्रे जे सांगत नाहीत आणि मालक जे सांगू इच्छित नाही, ते कळण्याची संधी याच फेरीत असते. शिवाय या फेरीत अपघात झाला अथवा गाडी परत आलीच नाही, तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही उभा राहतो. त्यामुळे ट्रायलचा विचार घेणाऱ्याइतकाच देणाऱ्यानेही करावयास हवा.

शोरूममधील फेरी

अधिकृत विक्रेत्यांकडे ट्रायलसाठी बहुधा स्वतंत्र गाडी ठेवलेली असते. नोंदणी न झालेले वाहन रस्त्यावर आणावयाचे असल्यास केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार विक्रेत्याकडे ‘ट्रेड सर्टिफिकेट’ असणे आवश्यक असते. संभाव्य खरेदीदाराला वाजवी चाचणी देणे हा या प्रमाणपत्राच्या मान्य उपयोगांपैकी एक आहे. म्हणजेच ट्रायल मागणे ही विक्रेत्याकडे केलेली याचना नव्हे. कायद्याने ती गृहीतच धरलेली आहे. मात्र ग्राहकाजवळ गिअरच्या मोटारसायकलचा वैध परवाना हवा. केवळ विनागिअर दुचाकीचा परवाना असलेल्याने मोटारसायकलची ट्रायल घेणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना वाहन चालविणेच होय. शिकाऊ परवानाधारकाने ओळखीच्या अनुभवी चालकाला सोबत आणावे, त्याला गाडी चालवू द्यावी आणि आपण मागे बसून पाहावे.

शोरूममध्ये फेरीपूर्वी एका छापील अर्जावर सही घेतली जाते. तो बहुतेक जण वाचत नाहीत. गाडीचे नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची, याचे कलम त्यात असू शकते. ते वाचूनच सही करावी. ट्रायलच्या गाडीचा विमा चालू आहे ना, हेही विचारावे. असे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

नव्या गाडीत यांत्रिक दोष शोधावयाचे नसतात. आपण आणि ती गाडी यांचे जमते की नाही, एवढेच पाहावयाचे असते. आसनावर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, गाडी मुख्य स्टँडवर एकट्याला चढविता येते का, अरुंद बोळात वळविता येते का, हे प्रश्न माहितीपुस्तकातील अश्वशक्तीच्या आकड्यांपेक्षा रोजच्या आयुष्यात अधिक महत्त्वाचे ठरतात. घरात पत्नी, आई किंवा मुलगा मागे बसणार असेल, तर त्यांनाही सोबत न्यावे. मागच्या आसनाची उंची, पाय ठेवण्याची जागा आणि धरावयाची दांडी यांचा निवाडा चालक करू शकत नाही. फेरी सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर न घेता कचेरीच्या वेळेच्या गर्दीत घ्यावी. सिग्नलवर दोन-तीन मिनिटे थांबल्यावर इंजिनाची धग मांड्यांना लागते का, क्लच सतत दाबून मनगट दुखते का, हे तेव्हाच कळते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. शोरूममधील ट्रायलची गाडी अनेकांनी चालवून चांगली ‘मोकळी’ झालेली असते. आपल्याला मिळणारी कोरी गाडी पहिले काही आठवडे तेवढी सहज वाटणार नाही. ताबा घेताना चेसिस व इंजिन क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि किलोमीटरचा आकडा पाहून घ्यावा, म्हणजे ट्रायलचीच गाडी पुसून-घासून आपल्या गळ्यात पडली, अशी शंका उरत नाही.

जुन्या गाडीची परीक्षा थंड इंजिनापासून

जुन्या गाडीचे प्रकरण निराळे. येथे ट्रायलची सुरुवात गाडी चालविण्याआधीच होते. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन पाहावा. ते गरम असेल, तर गाडी आधीच सुरू करून ठेवण्यामागे काही कारण असू शकते. कारण इंजिनाचे पुष्कळसे विकार थंड असतानाच प्रकट होतात. रात्रभर उभी असलेली गाडी एक-दोन प्रयत्नांत सुरू व्हावी. सेल्फने सुरू करून पाहावी आणि किक असेल तर किकनेही. सेल्फ मारताना दिवा अगदी मंदावत असेल, तर बॅटरीचा खर्च जवळ आला आहे, असे समजावे.

सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे पाहावे. थंडीच्या सकाळी निघणारी पांढरी वाफ थोड्या वेळात नाहीशी होते, ती निरुपद्रवी असते. निळसर धूर सतत येत राहिला, तर इंजिन ऑइल जाळत आहे, म्हणजे पिस्टन रिंग अथवा व्हॉल्व्ह सील झिजले आहेत, आणि इंजिन उघडण्याची वेळ आली आहे. काळा धूर पेट्रोलचे प्रमाण जास्त असल्याचे दर्शवितो. तो दोष सामान्यतः कमी खर्चात निघतो. यामाहा आरएक्स १०० सारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना मात्र हा नियम लावू नये. त्यांत पेट्रोलबरोबर ऑइल जळतच असते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरविताच इंजिनाचा इशारादिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरविल्यावर तो मुळी लागतच नसेल, तर तो कोणी बंद करून ठेवला आहे काय, याची चौकशी करावी.

यानंतर गाडी मुख्य स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. मधोमध ते अडखळत असेल, तर हँडलच्या बेअरिंगमध्ये खाच पडली आहे. मागचे चाक धरून डावी-उजवीकडे हलवावे; खडखडले तर स्विंग आर्मचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग गेले आहे. पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या नळ्यांवर ऑइलचे ओघळ आहेत का, साखळी मागच्या चक्रावरून ओढल्यास सुटते का, हेही पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडी संकेत असतो. त्यातील पहिले दोन आकडे आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर बारा हजार किलोमीटर दाखवीत असताना गाडीचे टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील, पायदांडीचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि गिअरचे टोक घासून चकाकत असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. मीटर मागे फिरविणे अवघड नाही; डिजिटल मीटरही त्याला अपवाद नाही. सर्व्हिसिंगच्या नोंदी हाच त्यावरील त्यातल्या त्यात खात्रीचा पुरावा.

महाराष्ट्रात आणखी एक तपासणी आवर्जून करावी, ती पुराच्या पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळुणात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा गाड्या दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात, आणि दुसऱ्या शहरात आल्यावर त्यांचा इतिहास पुसला जातो. आसन काढून खाली सुकलेला गाळ आहे का, वायरच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर आहे का, दिव्याच्या काचेत आतून पाण्याची रेघ उमटली आहे का, हे पाहिल्यास बराच उलगडा होतो. वरून नवा रंग आणि खाली गंजलेले बोल्ट, ही जोडी शुभ नव्हे.

रस्त्यावर

फेरी किमान पाच-सहा किलोमीटरची असावी आणि तीत गर्दी, मोकळा रस्ता, खड्डे व चढ हे सर्व यावे. पुणेकरांना कात्रजचा जुना घाट आहे, मुंबईकरांना केम्स कॉर्नरकडून पेडर रोडचा चढ आहे. काहीच नसेल तर उड्डाणपूल पुरतो. चढावर वरच्या गिअरमध्ये गती द्यावी. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लचप्लेट घसरत आहेत. प्रत्येक गिअर टाकून पाहावा व त्यात गाडी थोडी ओढून पाहावी. एखादा गिअर आपोआप सुटत असेल, तर दोष गिअरबॉक्समध्ये आहे आणि त्यासाठी इंजिन खोलावे लागते. असा दोष ‘किरकोळ’ म्हणून सांगणाऱ्या मालकाने तो स्वतःच दुरुस्त करून का घेतला नाही, हे विचारावे.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या सुमारास हँडलवरील पकड सैल करून पाहावी. हात सोडू नयेत. गाडी सतत एका बाजूला ओढली जात असेल, तर फोर्क अथवा चेसिस अपघातात वाकलेली असण्याचा संभव आहे. सोबतच्या व्यक्तीने मागून पाहिल्यास दोन्ही चाके एका रेषेत चालतात की नाही, हे चटकन दिसते. चेसिसचा दोष हा या साऱ्यांतील एकच असा, की ज्यासाठी किंमत कमी करून घेण्याऐवजी गाडीच नाकारणे शहाणपणाचे.

ब्रेक मागे कोणी नाही हे पाहूनच तपासावेत. डिस्क ब्रेक लावताना बोटांना ठोके जाणवले तर डिस्क वाकली आहे. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले. त्यानंतरच्या अशा गाडीत एबीएसचा दिवा चावी फिरविताच लागून गाडी चालू लागल्यावर विझावयास हवा. तो पेटलेलाच राहत असेल, तर यंत्रणा बंद आहे.

अनोळखी गाडीची रचना मात्र निघण्यापूर्वीच विचारून घ्यावी. काही मोटारसायकलींत सर्व गिअर पुढे दाबून पडतात, तर काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. जुन्या बुलेटमध्ये तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. ऐन चौकात ब्रेक समजून गिअर दाबणाऱ्या हौशी ग्राहकाची अवस्था वर्णन करण्याची गरज नाही. हेल्मेट आपलेच न्यावे. त्याविषयी पुणेकरांची मते सर्वश्रुत आहेत. पण परक्या गाडीचे ब्रेक कसे लागतात हे ठाऊक नसताना तरी मतभेद बाजूला ठेवावेत.

चावी देणाऱ्याने

विक्रेत्याची बाजू फारशी बोलली जात नाही. वास्तविक अधिक धोका तोच पत्करत असतो. ‘एक चक्कर मारून येतो’ म्हणून गेलेला ग्राहक परत न येण्याचे प्रकार घडतात. अशा वेळी चावी मालकाने स्वखुशीने दिलेली असते. त्यामुळे ही चोरी की फसवणूक, हा प्रश्न पोलिस ठाण्यात निघतो आणि विमा कंपनीही त्यावर बोट ठेवू शकते. मागे सोडलेली दुचाकी हे तारण समजू नये; तीही चोरीची असू शकते. मूळ परवाना पाहून त्याचे छायाचित्र घ्यावे, दिलेल्या क्रमांकावर समोरच दूरध्वनी करून पाहावा आणि शक्य तर मागे बसून जावे. ठरलेली किंमत रोख किंवा बँकेतून आधी जमा करून घेऊन ट्रायल देणारेही आहेत. ओळख नसलेल्यांत ही पद्धत थोडी कठोर वाटली, तरी व्यवहार्य आहे. मात्र तशी लेखी पावती दोघांकडे असावी.

परवाना पाहण्याचे दुसरे कारण कायद्याचे आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना व्यक्तीला वाहन चालवू देणाऱ्या मालकाला पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. चालक अठरा वर्षांखालील असेल आणि त्याच्या हातून गुन्हा घडला, तर पालक अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. महाविद्यालयीन दिसणाऱ्या मुलांच्या घोळक्याला गाडी देताना हे ध्यानात असू द्यावे. विमा संपलेल्या गाडीची ट्रायल तर देऊच नये. नव्या दुचाकींसाठी सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे विमा चालू आहे, अशी अनेकांची समजूत असते. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण बहुधा वर्षभराचेच असते आणि ते केव्हाच संपलेले असते.

जुन्या वाहनांच्या दुकानदारांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत वाहने विकणाऱ्या दुकानदाराला प्राधिकारपत्र घ्यावे लागते, मालकाने वाहन त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना ऑनलाइन द्यावी लागते आणि दुकानदाराने प्रत्येक फेरीचे कारण, चालक, वेळ व अंतर यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणे अपेक्षित आहे. आपली गाडी दुकानात ठेवणाऱ्याने हे प्राधिकारपत्र पाहावे. ‘सही करून ठेवा, गिऱ्हाईक आले की भरतो’ असे म्हणणाऱ्याच्या हाती कोरे अर्ज देऊ नयेत.

पसंतीनंतर

गाडी पसंत पडली, तरी पैसे देण्यापूर्वी चेसिस क्रमांक हँडलखालील नळीवर आणि इंजिन क्रमांक इंजिनावर प्रत्यक्ष वाचून नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. खाडाखोड दिसल्यास तेथूनच परतावे. ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर नोंदणी व विम्याची, तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर थकीत दंडाची माहिती मिळते. कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्यावा. हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. गाडी राज्यातच विकली असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावयाचे असते.

ही मुदत पाळण्यात विकणाऱ्याचे हित अधिक आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की गाडी प्रत्यक्षात अनेक हातांतून गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जाईल. नाव बदलेपर्यंतच्या काळासाठी ताबा दिल्याची तारीख, वेळ, मीटरवरील आकडा आणि दोघांच्या सह्या असलेली चिठ्ठी दोन प्रतींत करून ठेवावी.