बर्फाच्या जहाजापासून द्राक्षांच्या कंटेनरपर्यंत

या मालिकेत आपण लढाया पाहिल्या, किल्ले पाहिले, रसदीचे मार्गही पाहिले. आजचा विषय रसदीचाच आहे, पण जरा वेगळ्या मालाच्या रसदीचा. नाशवंत खाणं थंड ठेवून समुद्रापार कसं पोचवायचं, हा प्रश्न माणसानं कसा सोडवला आणि त्यात आपण कुठं होतो, ते आज पाहू.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. या इतिहासात लोकांचं लक्ष जहाजाकडे जातं. माझं म्हणणं असं की माल समुद्रावर कमी आणि जमिनीवर जास्त बिघडतो. फौजेत रसद पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल. मोठा प्रवास नीट पार पडतो आणि घोळ होतो तो माल चढवताना, उतरवताना, एका हातातून दुसऱ्या हातात देताना.

आता 1833 सालात जाऊ. अमेरिकेतल्या बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून विकत असे. 1806 मध्ये त्यानं पहिलं जहाज वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर पाठवलं, तेव्हा लोक त्याला हसले होते. पण 1833 च्या मे महिन्यात त्याचं ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिने प्रवास, तोही विषुववृत्त दोनदा ओलांडून! सप्टेंबरमध्ये जहाज पोचलं तेव्हा सुमारे 100 टन बर्फ शिल्लक होता. ना यंत्र, ना वीज. बर्फाचे ठोकळे एकमेकांना घट्ट लावून रचायचे आणि भोवती उष्णता अडवणारा थर द्यायचा, एवढीच युक्ती.

खरी अडचण पुढे होती. कलकत्त्याच्या उकाड्यात हा बर्फ ठेवायचा कुठं? तिथल्या लोकांनी वर्गणी काढून बर्फघर बांधलं. मुंबईतही बर्फ आला. सर जमशेदजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि नंतर यजमानाला सर्दी झाली, अशी बातमी त्या काळी छापून आली होती. मद्रासचं बर्फघर 1842 मध्ये समुद्रकिनाऱ्यावर उभं राहिलं. ते आजही मरीना किनाऱ्यासमोर आहे. स्वामी विवेकानंद 1897 मध्ये तिथं उतरले होते, म्हणून आता त्याला विवेकानंदर इल्लम म्हणतात. पण जुने चेन्नईकर त्या भागाला अजून ‘आइस हाउस’च म्हणतात.

या जहाजांतून बर्फाच्या सोबतीनं अमेरिकन सफरचंदंही हिंदुस्थानात आली. म्हणजे थंडीत जपलेलं परदेशी फळ समुद्रमार्गे आपल्याकडे येण्याची गोष्ट जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे. मात्र हा खेळ साहेबांचा आणि श्रीमंतांचा होता. 1870 च्या दशकात मद्रास आणि कलकत्त्यात बर्फाचे कारखाने निघाले आणि बोस्टनचा बर्फ बाजारातून उठला.

बर्फ यंत्रानं करता येतो म्हटल्यावर पुढची पायरी उघड होती. यंत्रच जहाजावर चढवायचं. 1876 मध्ये फ्रान्सच्या शार्ल तेलिए यांच्या ‘फ्रिगोरिफिक’ जहाजानं रूआँहून ब्यूनस आयर्सपर्यंत मांस नेऊन दाखवलं. पण जगाचा व्यापार बदलणारी सफर झाली ती न्यूझीलंडहून.

तिथं मेंढ्या उदंड होत्या, पण खाणारी तोंडं कमी. लोकर विकली जायची, मांस वाया जायचं. ‘डनेडिन’ या शिडाच्या जहाजावर थंड हवेचं यंत्र बसवलं गेलं. जहाज वाऱ्यावर चालणार आणि कोळसा जाळायचा तो फक्त मांस गोठवण्यासाठी! माल चढवणं सुरू असतानाच यंत्राचा दांडा मोडला आणि आत भरलेलं मांस बाहेर काढून तिथंच विकावं लागलं. बघा, अजून बंदरही सोडलं नव्हतं! दुरुस्ती करून 15 फेब्रुवारी 1882 रोजी जहाज निघालं. वाटेत थंड हवा नीट फिरेना, म्हणून कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या बोगद्यात शिरला आणि आत गारठून निपचित पडला. त्याला दोर बांधून ओढून काढावं लागलं. 98 दिवसांनी जहाज लंडनला लागलं. सुमारे पाच हजार मेंढ्यांपैकी खराब निघाली एकच. पुढे न्यूझीलंडचं अर्थकारण या व्यापारावर उभं राहिलं.

मग आपण कुठं होतो? आपला हापूस होता ना! 1930 च्या दशकात पुण्यात गणेशखिंडीला चीमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शीतगृहात आंबा ठेवण्याचे प्रयोग केले. विलायतेला आंबे पाठवूनही पाहिले. अडचण अशी की आंबा म्हणजे मांस नव्हे. तोडलेलं फळ जिवंत असतं, श्वास घेतं. त्याला फार थंडी लागली तर साल काळी पडते आणि नंतर ते धड पिकत नाही. इथं कावेरीकाठी केळीच्या बागा आहेत. केळ्याचंही तसंच. हिरवं केळं 13-14 अंशांवर न्यायचं, त्याखाली गेलात तर काळवंडलं. गोठवलेली कोळंबी मात्र उणे 18 अंश मागते. अशी गोठवलेली कोळंबी 1953 मध्ये कोचीहून अमेरिकेला रवाना झाली आणि आपल्या किनाऱ्यांवर एक नवा धंदा जन्मला. सांगायचा मुद्दा, ‘थंड’ हा एक आकडा नाही. प्रत्येक मालाची थंडी वेगळी.

आता महाराष्ट्राकडे येऊ. 1989 मध्ये न्हावा शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि 1991 मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी राहिली. राज्याच्या कृषी पणन मंडळाचा हात पाठीशी होता. सुरुवातीच्या वर्षांत माल नाकारला गेला, नुकसान झालं. शिकायला मिळालं ते हे: कंटेनरचं यंत्र थंडी टिकवतं, गरम माल झटपट गार करणं हे त्याचं काम नाही. म्हणून द्राक्षं सकाळी काढायची, काही तासांत प्रीकूलिंगला न्यायची, आतली उष्णता काढायची, पेटीत बुरशी रोखणारा गंधकाच्या वायूचा कागद घालायचा आणि शून्य अंशाच्या आसपास ठेवूनच कंटेनर भरायचा. मग रॉटरडॅमपर्यंतचा तीन आठवड्यांचा प्रवास द्राक्ष सहज सोसतं.

इथं इतिहासाची दिशा उलटली, मंडळी. 1833 मध्ये थंडी बोस्टनहून विकत आणून आपण सरबत गार करत होतो. दीडशे वर्षांनी नाशिक-सांगलीचा शेतकरी स्वतःच्या संस्थेच्या शीतगृहातून युरोपला द्राक्षं धाडू लागला. माझ्या मते यात सर्वांत महत्त्वाचं काय? शीतगृह कुणाचं, हे. ज्याच्या हाती प्रीकूलिंग, तो चार दिवस थांबू शकतो. ज्याच्या हाती नाही, त्याला व्यापारी म्हणेल त्या भावानं त्याच दिवशी माल द्यावा लागतो.

पण थंडी सगळं झाकत नाही. 2010 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. माल उत्तम थंड होता, जहाजं वेळेवर होती, तरी कंटेनर अडकले आणि निर्यातदारांसह बागायतदारांची घरं हादरली. साखळीची पहिली कडी बागेत होती आणि ती तिथंच निसटली होती.

अलीकडचा धडा समुद्राचा. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. सुएझ सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. 2024 चा द्राक्ष हंगाम त्यातच सापडला. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडी चढली. एवढे जादा दिवस कुणाची द्राक्षं तगणार? ज्याचा माल बागेतून निघतानाच निरोगी होता आणि वेळेत गार झाला होता, त्याची. म्हणजे समुद्रावरच्या संकटाचं उत्तरही पुन्हा जमिनीवरच.

त्याच नोव्हेंबर 2023 मध्ये बारामतीहून केळ्यांची चाचणी खेप समुद्रमार्गे नेदरलँड्सला निघाली. कावेरीकाठच्या केळी बागायतदारानंही याकडे लक्ष ठेवावं. जहाजं मिळतील, कंटेनर मिळतील, ते भाड्यानं मिळतातच. गावाजवळचं पॅकहाउस आणि शीतगृह मात्र आपणच उभारायचं असतं, शक्यतो चार शेतकऱ्यांनी मिळून. कलकत्तेकरांनी 1833 मध्ये चैनीसाठी वर्गणी काढली होती. आपल्याला ती पोटासाठी काढायची आहे.

आज इथंच थांबतो. पुढच्या भागात भेटू. जय हिंद!