आई शिकली पाहिजे : कुलसूम सयानी यांचे स्मरण



‘बिनाका गीतमाला’ हे नाव आपल्यातील वडीलधाऱ्यांना नव्याने सांगायला नको. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून हा कार्यक्रम सुरू झाला आणि बुधवारची रात्र झाली की घरोघरचे, हॉटेलांतले रेडिओ त्याच स्टेशनवर लागू लागले. ‘बहनो और भाइयो’ अशी साद घालणारे अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी अल्लाहला प्यारे झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या आवाजाविषयी पुष्कळ लिहिले. परंतु त्यांची ती साधी, शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला सारखीच कळणारी भाषा आली कोठून, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला आहे का? ती आली घरातून, आईच्या मेजावरून. त्या आईचे नाव कुलसूम सयानी. मुलाला सारा देश ओळखतो. आईची ओळख मात्र आज आपल्या समाजातही फारशी राहिलेली नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

कुलसूमबेन यांचा जन्म १९०० साली गुजरातेत झाला. वडील डॉ. रजबअली पटेल हे गांधीजींच्या परिचयातले. १९१७ साली वडिलांबरोबर कुलसूमबेन गांधीजींना भेटल्या आणि त्या भेटीने त्यांच्या आयुष्याला वळण लागले. पुढे मुंबईचे डॉ. जान महंमद सयानी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. डॉक्टरसाहेब स्वतः स्वातंत्र्याच्या चळवळीत होते. त्यामुळे घर आणि देशसेवा ही दोन वेगळी दालने त्या संसारात राहिलीच नाहीत. चरख्याच्या वर्गापासून त्यांच्या कामाला प्रारंभ झाला.

त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १९५१ सालच्या जनगणनेत भारतातील शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ स्त्रियांना लिहितावाचता येत होते. मग त्याआधीच्या काळाची, आणि त्यातही पडद्यात राहणाऱ्या आपल्या भगिनींची काय कथा! १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि १९३९ साली मुंबई शहरात प्रौढ साक्षरतेची मोहीम सुरू झाली. वर्ग उघडले, फळे आले, खडू आले. पण ज्या स्त्रीला उंबरठा ओलांडण्याची मुभा नाही, ती वर्गात येणार कशी?

कुलसूमबेन यांनी याचे उत्तर भाषणातून दिले नाही. बाई शाळेकडे येत नसेल तर शाळेने बाईकडे गेले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. शंभर रुपये आणि दोन शिक्षिका एवढ्या भांडवलावर त्यांनी कामाला हात घातला. मोहल्ल्यामोहल्ल्यातून, चाळीचे जिने चढून त्या दारोदार गेल्या. ‘आता या वयात शिकून काय करायचे?’ हा प्रश्न प्रौढांना शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो, तो त्यांच्याही वाट्याला आला असेल यात शंका नाही. परंतु त्या मागे फिरल्या नाहीत. पुढे मुंबईच्या समितीने मुस्लिम स्त्रियांसाठी चालणारी पन्नास केंद्रे त्यांच्याच हाती सोपवली. अखिल भारतीय महिला परिषदेच्या चिटणीस म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

एक शिक्षक म्हणून मला त्यांच्या कार्यातील पुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूळाक्षरे शिकवणे हे अर्धेच काम आहे. चाळिशीतली बाई मोठ्या कष्टाने अक्षरे जुळवू लागते, अंकलिपी संपते, आणि पुढे वाचायला तिच्याजोगे काहीच नसते. वर्तमानपत्राची भाषा जड, धार्मिक ग्रंथ समजायला कठीण, मुलांची पुस्तके पोरकट. सहा महिन्यांत शिकलेले पुसून जाते. कुलसूमबेन यांनी हे ओळखले आणि १९४० साली ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढले. रहबर म्हणजे वाट दाखवणारा. भाषा एकच, साधी बोलीतली हिंदुस्थानी. पण ती छापली जाई तीन लिप्यांत : उर्दू, देवनागरी आणि गुजराती. ज्या काळात भाषेवरून आणि लिपीवरून माणसे एकमेकांपासून तुटत होती, त्या काळात एका गृहिणीने तिन्ही लिप्या एका पाक्षिकात नांदवल्या. हिंदी व उर्दू यांना जवळ आणण्याच्या या उद्देशाला १९४५ साली गांधीजींनी पत्र लिहून शुभेच्छा दिल्या. ‘रहबर’ वीस वर्षे, १९६० पर्यंत चालले.

या पाक्षिकाच्या कामात आईला मदत करणाऱ्या मुलांत लहानगा अमीनही होता. अवघड शब्द काढून सोपा शब्द घालायचा, हा धडा त्याला तेथे मिळाला. थोरला मुलगा हमीदही नामवंत निवेदक झाला. ‘बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट’ १९७५ साली मृत्यू येईपर्यंत त्यानेच चालवली. आई शिकलेली असली म्हणजे काय होते, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

भारत सरकारने कुलसूमबेन यांना पद्मश्री देऊन गौरवले. १९६९ साली त्यांना नेहरू साक्षरता पुरस्कार मिळाला. १९८७ साली त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

वाचकहो, आता थोडे स्वतःविषयी. मी विद्यार्थी असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर अम्मीचा अंगठा असे. मला त्याची लाज वाटे आणि मी ते पान हाताने झाकून गुरुजींपुढे धरी. पुढे मी बी.ए. झालो, बी.एड. झालो, शेकडो मुलांना वाचायला शिकवले. अम्मी मात्र होती तेथेच राहिली. आजही ती रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाला लाल दोरा बांधते आणि साखरेच्या गोळ्यांना काळा, कारण त्यावरची अक्षरे तिला लागत नाहीत. कुलसूमबेन यांचे चरित्र वाचताना तो लाल दोरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी परक्या स्त्रियांसाठी जिने चढले. माझ्या घरात तर एक जिनाही चढायचा नव्हता.

इल्म मिळवणे हे स्त्री-पुरुष दोघांवरही फर्ज आहे, असे आपण जलशातून आवर्जून सांगतो. मग घरातील आई, आजी, चाची यांना त्यातून का वगळतो?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्याच्या घरी अंगठा उठत असेल त्याने लाजू नये. रोज मगरिबनंतर अर्धा तास पाटी-पेन्सिल घेऊन बसावे. पालकांनो, मुलींची शाळा सातवी-आठवीत बंद करू नका. आजची मुलगी ही उद्याची आई आहे.

गेल्या जूनपासून मी अम्मीला शिकवतो आहे. ‘आता या वयात काय करायचेय रे?’ असे ती रोज म्हणते आणि रोज पाटी पुढे ओढते. अद्याप जोडाक्षरे येत नाहीत. पण स्वतःचे नाव ती लिहिते. दोरा अजून पाकिटावर आहे. तो ती स्वतःच्या हाताने सोडील, अशी मला उमेद आहे.