पाणी कमी पडलं तर सांगलीच्या शेतकऱ्याला सरकारी मदत कुठून मिळते? समजून घ्या

टंचाई पडली की सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातून पहिली मागणी येते ती आवर्तन सोडण्याची. भरपाईचा विषय त्यानंतर निघतो. त्याचं कारण इथल्या सिंचनाच्या पद्धतीत आहे.

जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, खानापूर, तासगाव हा पर्जन्यछायेचा पट्टा. इथे कालव्याचं पाणी धरणातून उताराने येत नाही. कृष्णा नदीतून ते पंपांनी, टप्प्याटप्प्याने वर चढवावं लागतं. पंप चालवायचे तर वीजबिल आलंच. त्यामुळे सरकारी मदतीचे इथे दोन भाग पडतात. एक, पाणी शेतापर्यंत यावं म्हणून होणारा खर्च. दुसरा, पाणी न आल्याने पीक गेलं तर मिळणारी भरपाई. दोन्हींची कार्यालयं वेगळी आणि निकषही वेगळे.

पाणी येतं कुठून?

जिल्ह्यात तीन मोठ्या उपसा सिंचन योजना आहेत. तिन्ही महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाकडे आहेत.

- ताकारी: वाळवा तालुक्यातल्या ताकारीजवळ कृष्णेतून उपसा. कडेगाव, पलूस, तासगाव या भागाला लाभ.
- म्हैसाळ: मिरज तालुक्यातल्या म्हैसाळजवळ उपसा. मिरज पूर्व, कवठेमहांकाळ, तासगाव, जत आणि पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला, मंगळवेढ्याकडे पाणी.
- टेंभू: उपसा सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यातल्या टेंभू इथे. लाभ मुख्यतः कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सांगोल्याला.

ही पाण्याची वाट सहज तयार झाली नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या आणि दुष्काळी तालुक्यांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली.

८१-१९ चं सूत्र काय आहे?

आधी अडचण अशी होती की वीजबिलाचा सगळा भार पाणीपट्टीतून वसूल व्हायला हवा होता. पाणी जितकं उंच चढवायचं, तितकं बिल जास्त. वसुली कमी पडायची, थकबाकी वाढायची, वीज तोडली जायची आणि नदीत पाणी असूनही पंप बंद राहायचे. मग दर वेळी टंचाई निधीतून बिल भरा, अशी मागणी व्हायची.

२०१८ पासून सूत्र बदललं. शासकीय उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के वाटा सरकार उचलतं आणि १९ टक्के वाटा लाभधारक शेतकरी पाणीपट्टीतून देतात. म्हणजे बिल १०० रुपये आलं तर शेतकऱ्यांवर भार १९ रुपयांचा. बागायतदारासाठी सगळ्यात मोठं अनुदान हेच आहे, पण ते खात्यात जमा होत नसल्याने अनेकांच्या लक्षात येत नाही.

ऊस उत्पादकांची पाणीपट्टी अनेकदा साखर कारखाने ऊसबिलातून कापून घेतात. द्राक्ष, डाळिंब किंवा भाजीपाला घेणाऱ्याला ती स्वतः भरावी लागते. १९ टक्क्यांची वसुली रखडली की पुढच्या आवर्तनावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

तीव्र टंचाईत पिण्यासाठी आणि जनावरांसाठी तलाव भरून घ्यायचे असतील, तर तो खर्च टंचाई निधीतून केला जातो. तलाव भरला की आजूबाजूच्या विहिरींनाही पाझर फुटतो.

नदीतच पाणी नसेल तर?

मग पैसे असूनही उपयोग नाही. उन्हाळ्यात कृष्णेतलं पाणी मोठ्या प्रमाणात कोयना धरणातून सोडलेल्या विसर्गावर अवलंबून असतं. कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे, पण त्यातलं ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी राखीव आहे. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, धरण पूर्ण भरलं नाही आणि त्या वर्षअखेरीस सांगलीजवळ कृष्णेचं पात्र कोरडं पडलं. पाणी कधी आणि किती सोडायचं यावरून सातारा आणि सांगलीच्या नेत्यांमध्ये जाहीर वादही झाला.

आवर्तनाचं नियोजन कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतं. त्यामुळे बागायतदाराच्या दृष्टीने ही बैठक अनुदानाच्या घोषणेइतकीच महत्त्वाची.

दुष्काळ जाहीर कसा होतो?

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार आधी पावसाची तूट आणि खंड पाहिला जातो. नंतर पेरणी, पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजल असे निर्देशांक तपासतात आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी होते.

यात एक मेख आहे. पावसाची तुलना त्या तालुक्याच्या स्वतःच्या सरासरीशी होते. जिथे सरासरीच कमी, तिथे थोड्या पावसातही आकडा बरा दिसू शकतो.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सांगलीतले शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज होते. कायम दुष्काळी म्हणून ओळखले जाणारे जत आणि आटपाडी नव्हते. १० नोव्हेंबरला इतर तालुक्यांतल्या १,०२१ महसुली मंडळांत 'दुष्काळसदृश' स्थिती जाहीर झाली. त्यासाठी निकष होता सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस.

दोन्ही ठिकाणी जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेती कर्जवसुलीला स्थगिती, कृषीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्कमाफी अशा सवलती लागू झाल्या. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पीक नुकसानीसाठी निविष्ठा अनुदान मंजूर झालं ते ४० तालुक्यांसाठी. 'दुष्काळ' आणि 'दुष्काळसदृश' या दोन शब्दांतला फरक असा पैशांत मोजला जातो.

भरपाई किती मिळते?

केंद्राच्या २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांनुसार, किमान ३३ टक्के नुकसान झालं तर दोन हेक्टरच्या मर्यादेत मिळणारी मदत अशी आहे:

- जिरायती पीक: हेक्टरी ८,५०० रुपये
- बागायती पीक: हेक्टरी १७,००० रुपये
- बहुवार्षिक पीक (फळबागा): हेक्टरी २२,५०० रुपये

राज्य सरकार वेळोवेळी यात वाढ करतं, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय पाहणं गरजेचं.

केंद्राच्या दराने द्राक्षबागेला एकरी साधारण ९,००० रुपये होतात. बागेचा एका हंगामाचा खर्च मात्र एकरी लाखांत जातो. शिवाय एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. तेव्हा पाणी तुटलं तर फटका पुढच्या वर्षीच्या मालाला बसतो. म्हणूनच अनेक बागायतदार टंचाईत टँकरचं विकत पाणी घालून बाग जगवतात.

मोफत वीज योजनेने पाणीपट्टी माफ होते का?

नाही. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या कृषीपंपासाठी आहे. टेंभू किंवा म्हैसाळच्या पाण्याची पाणीपट्टी वेगळी.

शेतकऱ्याने काय तयार ठेवावं?

- पाणी अर्ज: हंगामापूर्वी पाटबंधारे शाखेत किंवा पाणी वापर संस्थेमार्फत नमुना नंबर ७ भरा. पावती जपून ठेवा.
- ई-पीक पाहणी: सातबारावर पिकाची नोंद नसेल तर भरपाईत अडचण येते. बाग असेल तर फळपिकाची नोंद तपासा.
- आधार आणि बँक खातं: अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. यादीत नाव आलं की ई-केवायसी करा.
- शेतकरी ओळख क्रमांक: कृषी योजनांसाठी तो आता लागतो.
- ठिबक आणि शेततळं: महाडीबीटी पोर्टलवर अर्ज होतो. राज्याच्या पूरक अनुदानासह ठिबकसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. शेततळ्यासाठी कमाल ७५,००० रुपये मिळतात.

पुढे काय?

म्हैसाळचं पाणी न पोहोचलेल्या जत पूर्व भागातल्या ६५ गावांसाठी विस्तारित योजना हाती घेतली आहे. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकने जतमधल्या गावांवर दावा सांगितल्यानंतर तिला वेग आला. म्हैसाळचे पंप सौरऊर्जेवर चालवण्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून प्रकल्प उभारला जातो आहे. वीजबिल कमी झालं तर सरकारचे ८१ आणि शेतकऱ्याचे १९, दोन्ही वाटे कमी होतील.

तोवर टंचाईच्या वर्षी तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा: आवर्तनाची तारीख, आपल्या मंडळाचं नाव कोणत्या यादीत आलं आणि सातबारावरची पिकाची नोंद.