अनौपचारिक ऑनलाइन मराठी : व्याकरण आणि विरामचिन्हे

मोबाइलवरील संदेश, गप्पांचे गट आणि समाजमाध्यमे यांवर लिहिल्या जाणाऱ्या मराठीत विरामचिन्हे गळतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसट होतो आणि शब्द नको तेथे तुटतात. या सर्व सवयींची गणना सरसकट अशुद्ध लेखनात केली जाते. वस्तुतः त्यांमागे तीन निरनिराळी कारणे आहेत : बोलीची रीत, कळफलकाची अडचण आणि शेजारच्या भाषेचा प्रभाव. कारण ओळखले, म्हणजे कोणती सवय निरुपद्रवी आणि कोणती अर्थाला बाधक, हे ठरविणे सोपे जाते.

पार्श्वभूमी

विरामचिन्हे ही मराठीत तुलनेने अलीकडची आहेत. मोडी लिपीतील पत्रे शब्दांमध्ये अंतर न सोडता, सलग लिहिली जात. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आदी चिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. शुद्धलेखनाचे आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले. महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये त्यांतील १४ नियम स्वीकारले व १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली.

बोलीची रीत

संदेशांत ‘केले’ऐवजी ‘केलं’ लिहिले जाते. ही चूक नव्हे. संवादात व बोलण्याच्या ढंगाच्या लेखनात हे रूप मान्य आहे. संदेशाच्या शेवटी पूर्णविराम नसला तरी बिघडत नाही, कारण संदेश संपला की वाक्यही संपते. वाक्याच्या मध्ये असणाऱ्या चिन्हाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ‘आज नाही, उद्या येईल’ याचा अर्थ पाहुणा उद्या येणार. स्वल्पविराम गळून ‘आज नाही उद्या येईल’ झाले, की तो केव्हातरी येईल एवढाच दिलासा उरतो.

कळफलकाची अडचण

‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी येतील, ‘आचार्यांना’ बोलावले तर विद्वान. संगणकावर हा अर्धा र उमटण्यासाठी नुक्ता असलेले ‘ऱ’ हे अक्षर वापरावे लागते. ते चटकन न सापडल्यामुळे पुष्कळजण दुसऱ्याच रूपावर भागवतात. ‘दुःख’ या शब्दात विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकण्याची सवयही अशीच आहे. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात; यंत्राच्या दृष्टीने ती वेगळी चिन्हे असल्यामुळे शोध घेताना शब्द हाती न लागण्याचा संभव असतो. रोमन लिपीचा आधार घेतल्यास अडचण वाढते. नेहमीच्या रोमन लेखनात कला, काला, काळा आणि कळा हे चारही शब्द एकाच रूपात उतरतात.

शेजारच्या भाषेचा प्रभाव

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात शहपुरा हे तहसिलीचे ठिकाण आहे. इटारसी-जबलपूर लोहमार्गावरील या भागात शाळा, कचेरी व बाजार यांची भाषा हिंदी आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसाला एकाच लिपीत दोन भाषांचे नियम सांभाळावे लागतात. हिंदीत वाक्याअंती उभा दंड येतो, मराठीत टिंब. दोन वाक्ये जोडणारे अव्यय हिंदीत ऱ्हस्व ‘कि’ आहे, मराठीत दीर्घ ‘की’. हिंदीत ‘घर में’ असे सुटे लिहितात, मराठीत ‘घरात’ आणि ‘घरामध्ये’ हे शब्द अखंड राहतात. ‘तो म्हणाला कि घरा मध्ये कोणी नाही’ या वाक्यात हिंदीच्या दोन सवयी सहज दिसतात. महाराष्ट्रातही अशी वाक्ये आढळतात, त्यामुळे केवळ सीमेपलीकडील मराठी भाषकांना दोष देणे योग्य ठरणार नाही.

या दोन भाषांची देवघेव उलट दिशेनेही झाली आहे. जबलपूरमध्ये वास्तव्य केलेले पंडित कामताप्रसाद गुरू यांचे ‘हिंदी व्याकरण’ १९२० मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने प्रसिद्ध केले. या ग्रंथाच्या रचनेसाठी त्यांनी मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११ च्या ग्रंथाचा आधार घेतला होता.

महत्त्व

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या अनेक मुलांना शाळेत मराठी हा विषय नसतो. आजी-आजोबांचे आणि मावशी-काकांचे संदेश हेच त्यांचे मराठी वाचन ठरू शकते. त्यामुळे अठराही नियम प्रत्येक संदेशात पाळले जावेत, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. वाक्यामधला स्वल्पविराम, अखंड लिहिलेला शब्द, ‘की’ची दीर्घ वेलांटी आणि ‘दऱ्या’तील र एवढे जपले, तरी पुढच्या पिढीच्या हाती पडणारी मराठी अर्थाला पक्की राहील.