टपालाचें विमान आणि जुहूचें छप्पर



१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून एका लहानशा विमानांतून टपाल घेऊन उड्डाण केलें आणि अहमदाबादेस विसावा घेऊन ते त्याच दिवशीं मुंबईस, जुहूच्या मैदानावर उतरले, ही हकीकत आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. टपालाचें वजन अवघें २५ किलोच्या आसपास. तेंच टपाल पुढें त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बेल्लारीवरून मद्रासेस नेलें. इतिहास येथें दोघां वैमानिकांचीं नांवें सांगून थांबतो.

परंतु या प्रकरणांतील खरें आश्चर्य त्या पहिल्या उड्डाणांत नसून पुढच्या वर्षभरांत आहे, असें मला वाटतें. ऑक्टोबर १९३३ मध्यें या सेवेस एक वर्ष पुरें झालें, तेव्हां सरकारी विमान-खात्यानें मुद्दाम नमूद केलें कीं, वर्षभरांत टपाल एकदांहि उशिरा पोचलें नाहीं. ऐन पावसाळ्यांत सह्याद्री ओलांडावा लागे तेव्हांहि नाहीं. एक दिवसाचें धाडस पुष्कळांना करतां येतें. तेंच विमान वर्षभर दर फेरीस वेळेवर सज्ज ठेवणें हें काम धाडसाचें नव्हे, देखभालीचें.

ही देखभाल जेथें होई तो कारखाना कसा होता? जुहूस झावळ्यांनीं शाकारलेलें एक छप्पर! माणसें म्हणाल तर एक अर्धवेळ इंजिनियर आणि दोन शिकाऊ मेकॅनिक.

विमानाची जात पस मॉथ. इंग्लंडांतील डी हॅविलंड कंपनीनें बांधलेली. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लांकडी, आणि त्या सर्वांवर कापड ताणून बसविलेलें. या कापडावर ‘डोप’ नांवाचें रोगण चढवीत. तें वाळलें कीं कापड आकसून ढोलकीच्या कातड्यासारखें ताठ होई. उन्हानें असें कापड जुनें होतें, दमट हवेनें लांकडाचे सांधे सुटूं लागतात, आणि समुद्रकांठची खारी हवा लोखंडास सोडीत नाहीं. म्हणजे जुहूस नुसतें उभें असलेलें विमानहि झिजतच असे. मेकॅनिकानें बोटांनीं कापड वाजवून पाहावयाचें, सुकाणूच्या तारा ओढून पाहावयाच्या, एकेक बोल्ट तपासावयाचा. हें सर्व रोजचें, आणि कोणी शाबासकी देणार नाहीं असें.

इंजिन चार सिलिंडरांचें, १२० अश्वशक्तीचें. प्रत्येक सिलिंडरास दोन स्पार्क प्लग आणि ठिणगी पुरविणारे मॅग्नेटोहि दोन; एक दगावला तर दुसऱ्याच्या आधारानें घर गांठावें, अशी योजना. उड्डाणापूर्वीं जमिनीवरच इंजिन जोरानें चालवून एकेक मॅग्नेटो क्षणभर बंद करून पाहातात. फेरे थोडे उतरले तर ठीक. फारच उतरले किंवा इंजिन अडखळूं लागलें, तर दोष चालू असलेल्या मॅग्नेटोंत, त्याच्या तारांत अथवा प्लगांत आहे हें कळतें. मग प्लग उघडून त्यांचीं तोंडें पाहावयाचीं. रंग बदामी असेल तर ज्वलन बरोबर. काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक जातें आहे किंवा तेल वर चढतें आहे. पांढुरका पडला असेल तर पेट्रोल कमी पडून सिलिंडर तापतो आहे. वैद्य जीभ पाहून पोटाचें सांगतो, त्यांतलाच हा प्रकार. आपल्याकडे विहिरीवर डिझेलचें इंजिन चालविणारा शेतकरी नुसत्या आवाजावरून दोष ओळखतो. त्याच्या इंजिनास प्लग नसतो एवढेंच, कान तोच.

प्लगाची गोष्ट निघालीच आहे, तर दोन-तीन वर्षें मागें जाऊं. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्यानें, एका महिन्याच्या आंत विमानानें करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस १९२९ मध्यें जाहीर केलें होतें. १९३० च्या मे महिन्यांत टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले. मनमोहन सिंग आणि आस्पी इंजिनियर हे इंग्लंडाहून इकडे येत होते. पैकीं आस्पी तर अवघा १७ वर्षांचा. इजिप्तमध्यें अबूकीर येथें टाटा उतरले, तों आस्पी तेथें अडकून पडलेला. प्लग बिघडलेले आणि बदलावयास जवळ दुसरे नाहींत. टाटांनीं आपल्या सुट्या प्लगांतून त्यास प्लग दिले. आस्पी कराचीस पोचला आणि थोड्या तासांच्या फरकानें बक्षीस त्यास मिळालें. मनमोहन सिंग यांची महिन्याची मुदत उलटून गेली होती. हाच आस्पी पुढें १९६० ते १९६४ या काळांत भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. टाटांच्या औदार्याचें कौतुक सर्वांनीं केलें, तें योग्यच आहे. माझें लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जातें: टाटांनीं सुटे प्लग बरोबर घेतले होते.

आतां टपालाकडे वळूं. अहमदाबादेस या विमानाचें पेट्रोल बर्मा-शेल कंपनी चार-चार गॅलनांच्या डब्यांतून बैलगाडीनें आणी. अशा पेट्रोलांत पाणी किंवा गंज असण्याचा संभव फार. म्हणून त्या काळीं नरसाळ्यावर मऊ कमावलेलें कातडें ताणून पेट्रोल गाळीत. पेट्रोलानें भिजलेल्या कातड्यांतून पेट्रोल खालीं जातें, पाणी वर राहतें. टाकी रात्रभर अर्धी रिकामी राहिली तर आंतल्या हवेंतील बाष्पाचें पाणी होऊन तळाशीं बसतें. आजहि सकाळच्या पहिल्या उड्डाणापूर्वीं टाकीच्या तळची तोटी सोडून पेल्यांत थोडें पेट्रोल काढून पाहातात, तें यासाठींच.

पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई. मग सर्व बिऱ्हाड पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर हलवावें लागे.

पस मॉथविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या जातीचीं कांहीं विमानें १९३० ते १९३३ या काळांत निरनिराळ्या देशांत हवेंतच मोडून पडलीं. इंग्लंडांत चौकशी झाली आणि पंखांच्या आधारदांड्यांस बळकटी देण्यांत आली. कापड वाजवून, प्लग पुसून हा दोष सांपडणारा नव्हता. म्हणजे मेकॅनिकास हातांबरोबर वाचनहि हवें. विमान बांधणारा काय कळवितो इकडे त्याचें लक्ष हवें. आपल्याकडे १९३४ चा विमान-कायदा आणि १९३७ चे नियम आले आणि परवानाधारक इंजिनियराच्या सहीस कायद्याचें बळ मिळालें.

आपल्या मराठवाड्याकडे हें सारें उशिरा आलें. त्या काळीं नांदेड हा निजामी राज्यांतील जिल्हा आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुका. विमान पाहावयाचें तर हैदराबादेस बेगमपेटला जावें. तेथून १९४६ मध्यें निजाम सरकार आणि टाटा यांची डेक्कन एअरवेज सुरू झाली. १९५३ मध्यें तिचें राष्ट्रीयीकरण झालें. नांदेडचा विमानतळ १९५८ चा. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानें २००८ मध्यें त्याचा कायापालट झाला. लातूरचा १९९१ चा.

येथें लहान विमान ठेवणाऱ्याची काळजी जुहूहून निराळी. वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो. तापलेली हवा विरळ. तिच्यांत पंखांस उचल कमी आणि इंजिनास दम कमी, म्हणून धावपट्टी अधिक लागते. पेट्रोलाच्या नळींत वाफ धरली तर इंजिन गचके खातें. धूळ हवेच्या गाळणींत बसते. आणि कुंभारीण माशी! विमानाचा वेग दाखविणारें यंत्र पंखाजवळील एका बारीक नळीच्या आधारानें चालतें. तिच्या तोंडाशीं ही माशी मातीचें घर करून बसली तर वैमानिकास वेग खोटा दिसतो. म्हणून उभ्या विमानाच्या त्या नळीवर टोपण घालतात आणि तें काढण्याचें स्मरण राहावें म्हणून त्यास लाल फीत लावतात. माझ्या वर्गांत वैमानिक होणार म्हणणारे पुष्कळ मुलगे होते. विमान दुरुस्त करणार म्हणणारा एकहि आठवत नाहीं.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, टाटांनीं तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हां एकट्यानें केला. (त्याच वर्षीं ऑगस्टांत लातूर जिल्हा झाला, हें लातूरकरांनीं जातां जातां ध्यानांत घ्यावें.) या वेळीं विमान लेपर्ड मॉथ, पस मॉथचेंच धाकटें भावंड. तें बनविणें १९३६ च्या सुमारासच बंद झालें होतें. सुटे भाग दुकानांत मिळण्याची आशा नाहीं. टाटा जुहूस सुखरूप उतरले. तें विमान निघण्यापूर्वीं कोणा परवानाधारक इंजिनियरानें त्याच्या वहींत सही केली असलीच पाहिजे, कारण त्या सहीवांचून तें कायद्यानें उडूंच शकत नव्हतें.